बेचाळीस कप चहा आणि अर्धी पांढरी गच्ची

तीर्थरूप मामांना,

दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि कपाळ असे सगळे व्यवस्थित टेकवून नमस्कार. मामींनाही नमस्कार. (त्यांच्यासाठी वेगळा वाकलो आहे. तुमच्यातलाच अर्धा काढून दिलेला नाही.)

पत्र लिहिण्यास विशेष कारण नाही. हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण मागच्या वेळी पाकिटावरचे माझे अक्षर पाहताच तुम्ही मामींना "उघड आणि बघ, काय हवंय त्याला" असे म्हणालात, हे मामींनीच मला फोनवर सांगितले. तर काहीही नको आहे. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (आधी डावा लिहिले होते. मग तुमचे जुने पत्र काढून खात्री केली. उजवाच.) दुखतो तो जिना चढताना की उतरताना, आणि साधारण कितव्या मजल्यापासून, हे जमल्यास कळवावे. सहज विचारतो आहे. निवृत्त होऊन तुम्हाला आता आठ महिने होतील. मामी म्हणत होत्या की तुम्ही रोज सकाळी उठून घरातल्याच विजेच्या मीटरचा आकडा मोठ्याने वाचता आणि कुणी लिहून घेत नाही म्हणून दुपारपर्यंत गप्प बसता. ऐकून वाईट वाटले. एकतीस वर्षे लोकांचे मीटर वाचलेल्या माणसाचे डोळे असे एकाएकी रिकामे बसणे बरे नाही. मी लहानपणी तुमच्याकडे राहत होतो तेव्हाचे मला अजून आठवते. संध्याकाळी घरी येऊन तुम्ही उभ्यानेच तीन पेले पाणी प्यायचात आणि म्हणायचात, आज पासष्ट घरं झाली, एकानं पाणी विचारलं नाही. दार उघडणारा तोंड वाकडे करणार, बोटाने मीटर दाखवणार, आणि आपण उंबऱ्याबाहेर पडायच्या आत कडी लावणार. घरांचा आकडा रोज बदलायचा, पाणी विचारणाऱ्यांचा कधी बदलला नाही. असो. उगाच आठवले.

माझी तब्येत चांगली आहे. नोकरीही आहे. (इथे "अजून" असा शब्द लिहून खोडला आहे, तो वाचू नये.) इमारत तीच, पाच मजल्यांची, दहा घरांची, आणि मी तिचा केअरटेकर. पंप सुरू करणे, पंप बंद करणे, जिना झाडणे, गेलेले दिवे बदलणे, ओल्या आणि सुक्या कचऱ्यावरून होणारी भांडणे मिटवणे आणि सूचनाफलकावर सूचना लिहिणे, ही माझी कामे. यातल्या शेवटच्या कामामुळे पुढचे सगळे घडले. तुम्हाला माहीतच आहे की नववीत माझी शाळा सुटली, पण शब्दकोश सुटला नाही. प्रत्येक सूचना मी आधी कच्ची लिहितो, ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, मग पक्की लिहितो. इमारतीतले लोक माझ्या सूचना पाळत नाहीत, पण त्यांत चूक सापडत नाही हे सगळे मान्य करतात. आमच्या सेक्रेटरीबाई (दुसरा मजला, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम घरभर) पाहुण्यांना मुद्दाम फलकाजवळ उभे करून माझे अक्षर दाखवतात.

आता पाचव्या मजल्याबद्दल सांगतो, कारण सगळे तिथेच झाले. गच्चीच्या थेट खाली दोन घरे आहेत. डावीकडे टेलरदादा आणि टेलरवहिनी राहतात, उजवीकडे पोस्टातून निवृत्त झालेले एक काका एकटेच राहतात. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती सगळी उष्णता या दोन घरांच्या डोक्यावर उतरते. भिंतीला हात लावला तर पोळतो. खालच्या मजल्यांवर असे होत नाही. माझी जिन्याखालची खोली तर इमारतीतली सर्वांत थंड जागा आहे, याची मला कधी कधी लाज वाटते. टेलरवहिनींना आठवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख ऐन उन्हाळ्यातली. एकदा त्यांचा गळका नळ दुरुस्त करत होतो, तेव्हा त्या काजे करता करता (हातातली सुई न थांबवता) म्हणाल्या, "आमचं मोठ्यांचं कसंही भागतं हो भाऊजी, पण एवढासा जीव या भट्टीत ठेवायचा कुठं?" मला म्हणाल्या असे नाही, नळाला म्हणाल्यासारख्याच. पण नळाला काय करता येणार? मी ते मनावर घेतले. मी सगळेच मनावर घेतो हे तुम्ही जाणताच.

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या एक मॅडम आल्या. पाठीवर पिशवी, पायात चालायचे बूट, आणि बोलणे इतके हळू की सगळ्यांना आपोआप गप्प बसावे लागले. त्यांच्या कार्यालयाची योजना अशी की जुन्या इमारतींच्या गच्च्यांना एक खास पांढरा रंग द्यायचा, म्हणजे ऊन आत न शिरता आले तसे परत जाईल. पश्चिमेच्या खिडक्यांवर सावलीसाठी झडपा बसवायच्या. अंगणातले काँक्रीट फोडून झाडे लावायची, म्हणजे खाली माणसाला उभे राहता येईल आणि पावसाचे पाणी गटाराऐवजी जमिनीत जाईल. पण सगळ्या गल्लीतल्या सातही इमारतींना डोळे मिटून रंग फासायला कार्यालय तयार नव्हते. आधी एकाच गच्चीचा अर्धा भाग रंगवायचा आणि खालच्या दोन घरांतले तापमान चौदा दिवस, दिवसातून तीनदा लिहायचे. निदान दोन अंशांचा फरक पडला तर पहिल्यांदा तिचा उरलेला अर्धा भाग, मग सगळी गल्ली. नाही पडला तर योजना शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार. गच्ची आमची ठरली. रंग कुणाच्या बाजूला द्यायचा यासाठी मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठी काकांची निघाली. वहिनी हसून "बरं झालं, काकांचं वय झालंय" म्हणाल्या. मी मात्र घरी येऊन कॅलेंडरवर दिवस मोजले. चौदा दिवस वाचन, दोन दिवस बैठक, दोन दिवस रंग. बाळाच्या आधी बसत होते. नोंदी कोण ठेवणार असा प्रश्न निघाला तेव्हा सेक्रेटरीबाईंनी मॅडमना फलकाजवळ नेले. मॅडमनी माझी पंपाच्या वेळांची सूचना वरपासून खालपर्यंत वाचली आणि दोन थर्मामीटर माझ्या हातात दिले.

मामा, मी किती काळजी घेतली ते सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्ही मला एकदम वेंधळा म्हणणार नाही. दोन्ही थर्मामीटर मी आधी तीन दिवस माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही केसाइतकाही फरक न करता सारखे चालत होते. मग दोन्ही घरांत दाराशेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर खिळा ठोकला. रंगाच्या दिवशी गच्चीवर, खाली दोन घरांमधली भिंत जिथे येते तिथे, सुतळी ताणून खडूची रेघ मारली. ती तीनदा मोजली. चौथ्यांदा मोजायला म्हणून मागे सरकलो आणि माझा उजवा पाय रंगाच्या डब्यात गेला. रंगारी म्हणाला, "राहू दे, पायही थंड राहील." मी घाबरून धुवायला धावलो, पण गच्चीवरचा नळ बंद, म्हणून तळमजल्यापर्यंत गेलो. रंग एकाच पायाला लागलेला असल्यामुळे पाहणाऱ्याला वाटावे की कुणीतरी लंगडी घालत पाच मजले उतरले आहे. जिना घासायला दोन दिवस गेले, त्याचे काही नाही. पण धावताना मी टेलरदादांच्या बाजूने गेलो होतो, आणि न रंगवलेल्या अर्ध्या भागावर माझी नऊ पांढरी पावले उमटली होती. ती मी ब्रशने आणि रॉकेलने एकेक करून काढली. सेक्रेटरीबाई वर येऊन म्हणाल्या, "अरे, नऊ पावलांनी घर काय गार पडणार आहे?" मी म्हटले, बाई, प्रयोग म्हणजे प्रयोग. (ही नऊ पावले लक्षात ठेवावीत. बैठकीत ती पुन्हा येणार आहेत.)

मग फलकावर सूचना लावली. वाचन रोज सकाळी अकरा, दुपारी दोन आणि सायंकाळी पाच वाजता होईल, दोन्ही घरांतील रहिवाशांनी कृपया सहकार्य करावे. तीनदा कच्ची लिहून मग पक्की केली. "सहकार्य" हा शब्द नंतर मीच घातला, नुसत्या वेळा उद्धट वाटत होत्या. आणि मी वेळ चुकवली नाही. अकरा म्हणजे अकरा. पाच मिनिटे आधी पोहोचलो तर जिन्यात उभा राहायचो.

टेलरदादांकडे गेलो की प्रसन्न वाटायचे. फरशी नुकतीच ओली केलेली, खिडक्या उघड्या, खिडकीवर पिळून टाकलेली ओली चादर, पंख्याचे तोंड दाराकडे, इस्त्री बंद करून कोपऱ्यात उभी, आणि वहिनी माठातल्या पाण्याचा पेला घेऊन हजर. मी पाणी प्यायचो, आकडा लिहायचो. मनात म्हणायचो, किती टापटिपीने राहतात ही माणसे. मग काकांकडे. तिथला थाट वेगळा. काका इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. काकांना पांढऱ्या रंगाचा फार अभिमान. बाहेरची गरम हवा आत येऊन रंगाचे नाव खराब करू नये म्हणून ही व्यवस्था, असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले आणि मला ते पटले. एका शेगडीवर चहा, दुसरीवर दूध, दोन्ही अर्ध्या तासापासून मंद आचेवर, कारण मी बरोबर अकराला येणार आणि चहा तयार नाही असे व्हायला नको. एकट्या माणसाकडे दिवसातून तीनदा कुणीतरी येते, त्याला नाही कसे म्हणायचे? मला तसेही नाही म्हणता येत नाही. घोट घोट घेत मी पोस्टातल्या गोष्टी ऐकायचो आणि निघताना, घाम पुसत, आकडा लिहायचो. चौदा दिवस, रोज तीन. बेचाळीस कप चहा झाला, मामा. तेव्हा मोजला नव्हता, नंतर मोजला.

पंधराव्या दिवशी बेरजा केल्या. पांढऱ्या गच्चीखालचे घर सरासरी चौतीस अंश आणि वर सहा दशांश. न रंगवलेल्या गच्चीखालचे बत्तीस आणि तीन दशांश. बेरीज चार वेळा केली, एकदा खालून वर. फरक दोन अंशांपेक्षा जास्तच होता, फक्त उलट्या बाजूने. वही घेऊन सेक्रेटरीबाईंकडे गेलो. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला (म्हणजे प्रकरण गंभीर), आकडे पाहिले, आणि फार मायेने म्हणाल्या, "हे बघ, रंगवलेले आणि न रंगवलेले, ही वरची दोन नावं इकडची तिकडे केली तर? दोनच शब्द आहेत. आकडे तुझेच राहतील."

ती रात्र आणि पुढचा दिवस कसा गेला ते लिहीत नाही. बाई चुकीचे सांगत होत्या, पण वाईट सांगत नव्हत्या. दोन शब्द बदलले की वहिनींच्या डोक्यावरचा स्लॅब बाळाच्या आधी पांढरा. नाही बदलले की मॅडम वही मिटणार आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार. मी नवे पान घेतले, पट्टीने रकाने आखले, आणि पेनाचे टोपण काढून बसलो. माझी खरी भीती अशी होती की ते पानही अगदी शुद्ध लिहिले गेले असते. एकही काना-मात्रा चुकली नसती आणि कुणालाही शंका आली नसती. शेवटी कोरे पान तसेच ठेवले आणि शनिवारी दुपारी थर्मामीटर काढून आणावेत म्हणून वर गेलो. तेव्हा दीड वाजला होता. अकरा, दोन, पाच यांपैकी एकही वेळ नाही.

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या वळणावर, जिन्यातल्या खिडकीखाली, चटई टाकून टेलरवहिनी आडव्या झाल्या होत्या. मला पाहून धडपडत उठल्या, पदर सावरला, आणि इतक्या ओशाळल्या की मीच कानकोंडा झालो. म्हणाल्या, "अहो भाऊजी, आज तर वाचन नव्हतं ना? सांगायचं तरी. फरशी ओली केली असती, खिडक्या उघडल्या असत्या." मग मी वर जाऊन दार ढकलले. आत भट्टी. इस्त्री तापलेली, खिडक्या बंद (कापलेले कापड वाऱ्याने उडते), फरशी कोरडी ठणठणीत, टेलरदादा बनियनवर, मशीनवर वाकलेले, पाठ भिजलेली. भिंतीवर थर्मामीटर: साडेअडतीस. दादा म्हणाले, "तू येणार म्हटल्यावर अर्धा तास आधी काम थांबवतो रे. उन्हातान्हात वर चढून येतोस, घामाघूम करून पाठवायचं का तुला?" चौदा दिवस, दिवसातून तीनदा, या माणसाने माझ्यासाठी मशीन थांबवली होती. मी तसाच समोर गेलो. काकांचे दार सताड उघडे, खिडक्या उघड्या, शेगडी थंड. काका पायांवर चादर घेऊन आरामखुर्चीत गाढ झोपलेले. थर्मामीटर: साडेतेहतीस. मी खोकलो. काका जागे झाले, मला पाहून आनंदले, आणि उठून आधी खिडक्या लावल्या, मग पडदे ओढले, मग चहाचे भांडे शेगडीवर चढवले. मी दारातच बसलो.

रविवारी सकाळी तळमजल्यावर, सायकली बाजूला सारून, बैठक झाली. इमारतीतले सगळे होते. मॅडमनी वही मागितली. मी उभा राहिलो. तुम्हाला ठाऊक आहे, चार माणसांपुढे माझा आवाज पेटीत ठेवल्यासारखा येतो. मी आधी खरे आकडे वाचले. कुजबुज सुरू झाली. मग सांगितले की आकडे बरोबर आहेत, पण ते गच्चीचे नाहीत, ते माझ्या पाहुणचाराचे आहेत. ओली फरशी सांगितली, चादर सांगितली, दोन शेगड्या सांगितल्या, बेचाळीस कप सांगितले. शनिवारचे दोन आकडेही सांगितले. नऊ पावले रॉकेलने पुसणाऱ्या मला हातातला चहा दिसला नाही, ही चूक सर्वस्वी माझी आहे, आणि सहकार्याची सूचनाही मीच लावली होती, असे म्हणून वही मॅडमपुढे ठेवली. कुणीतरी मागून म्हणाले, "चाळीस कप पिऊन याला झोप तरी कशी लागायची?" दुसरे कुणी म्हणाले, "बेचाळीस." काका दुखावले. "म्हणजे मी चहा केला हे चुकलं?" असे त्यांनी अख्ख्या बैठकीला विचारले. टेलरदादा उठून म्हणाले की आमच्या घरी माणूस येतो तेव्हा आम्ही घर गारच करणार, कार्यालयाला चालो न चालो. आपण ओतलेल्या पाण्यानेच आपली गच्ची रंगायची राहिली, हे वहिनींना कळले होते. त्या फक्त हातातल्या शर्टाला बटण लावत राहिल्या, आणि ते बटण चुकीच्या बाजूला लागत होते.

मॅडमनी वही चाळली. पान न् पान. मग हळू आवाजात (सगळे लगेच गप्प) म्हणाल्या की शनिवारचे दोन आकडे त्यांच्या मनासारखे आहेत, पण दोन आकड्यांवर सात गच्च्या रंगत नाहीत. रंगाऱ्यांची तुकडी अजून तीन आठवडे याच भागात आहे. चौदा दिवस पुन्हा मोजा. पण या वेळी वेळ जाहीर करायची नाही, कुणी काही मुद्दाम करायचे नाही, आणि वाचणारा माणूस बदलायचा. या मुलासाठी घर पुन्हा थंड होणार आणि चहा पुन्हा चढणार, म्हणाल्या, मग कुणी कितीही शपथा घेवोत. ज्याच्यासाठी कुणी जागचे उठणार नाही असा माणूस आणा. सेक्रेटरीबाईंनी हात वर केला, "माझ्यासाठी कोण उठतंय?" आणि टेलरदादा नकळत त्यांना खुर्ची द्यायला उठले, त्यामुळे त्या बाद झाल्या.

असे हे झाले. आता मी निवांत आहे. नोकरी आहे. (आता "अजून" हा शब्द मनातही नाही.) मॅडम निघताना म्हणाल्या की अशी वही त्यांनी आजवर पाहिली नव्हती. प्रशंसा होती की काय ते विचारायचे राहिले. वाचायला कुणी ना कुणी मिळेलच, त्याची तुम्ही काळजी करू नये. मामींच्या डोळ्यांचे थेंब वेळेवर घालत जावेत. घरातल्या मीटरचा आकडा मला कळवला तरी चालेल, मी लिहून ठेवीन.

तुमचा आज्ञेतला भाचा

ता. क. पत्र पुन्हा वाचताना लक्षात आले की एक गोष्ट राहिली. मामा, तुम्ही येता का? चौदा दिवसांपुरते. इमारतीला पाच मजले आहेत, म्हणूनच गुडघ्याचे विचारले होते. राहायला माझी जिन्याखालची खोली आहे, थंड. तुमचा अपमान करायचा हेतू मुळीच नाही, पण बैठकीत मॅडमनी वर्णन केले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस उभा राहिला. एकतीस वर्षांत, रोज साठ-सत्तर घरांत, ज्याच्यासाठी एकही खिडकी उघडली नाही आणि एकही शेगडी पेटली नाही, असा अनुभव या शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही. इथे येऊन काही वेगळे वागायची गरज नाही. दारावर जशी थाप मारायचात तशीच मारावी, "मीटर" असेच म्हणावे, आणि मनात येईल त्या वेळी जावे. बाळाला चौतीस दिवस आहेत. मी दोनदा मोजले.

ता. क. २. मामींना विचारून यावे. नाही म्हणाल्या तर पत्राचा फक्त पहिला अर्धा भाग वाचून दाखवावा.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला गोंद हवा होता म्हणून टेलरदादांकडे गेलो होतो. पाकिटावरचे तुमचे नाव वाचून वहिनींनी विचारलेच. मी सगळे सांगितले आणि बजावले की मामा आले की कुणी काही विचारायचे नाही, पाणीसुद्धा नाही, त्यासाठीच तर ते येणार आहेत. एकतीस वर्षांचे ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "घरात नाही विचारणार. वाचन झाल्यावर, बाहेर जिन्यात बसून चहा घेतला तर?" मी मॅडमनी दिलेला नियमांचा कागद काढून पाहिला. त्यात जिन्याबद्दल काहीही लिहिलेले नाही. चहा माझ्या खोलीत उकळून वर नेण्याचे माझ्याकडे आले आहे, म्हणजे वरच्या शेगड्या बंद राहतील. काकांनी आपले स्टूल आत्ताच वळणावरच्या खिडकीखाली नेऊन ठेवले आहे आणि त्यावर कुणाला बसू देत नाहीत. तरी साखर किती लागते, तेवढे उलट टपाली कळवावे. वहिनींनी आत्ताच दोनदा विचारले आहे.